घोड्यावरचं बिऱ्हाड आणि थांबायची जागा

शिरूरला घोडनदी ओलांडली की पुणे–नगर रस्ता नगर जिल्ह्यात शिरतो. गव्हाणवाडी, वाडेगव्हाण, नारायणगव्हाण मागे टाकत आपण सुप्याला पोचतो. डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या फिरत असतात, खाली औद्योगिक वसाहतीच्या शेड दिसतात, चौपदरी रस्त्यावर ट्रकांची रांग. सुट्टीच्या दिवशी पुण्याहून सकाळी निघालेल्या गाड्या इथे चहाला थांबतात आणि पुढे पांगतात. कुणी राळेगणसिद्धी पाहायला जातं, कुणी निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे, कुणी टाकळी ढोकेश्वरची लेणी, कुणी पिंपळगाव रोठ्याला कोरठण खंडोबाच्या दर्शनाला. संध्याकाळी सगळे घरी परततात.

याच दिवसांत, दिवाळीच्या आगेमागे, याच तालुक्यातून आणखी काही माणसं बाहेर पडतात. त्यांचं घर त्यांच्याबरोबरच निघतं. चार-दोन घोडी, त्यांच्या पाठीवर अंथरुणं, भांडी, पिठाच्या पिशव्या, गुंडाळलेली जाळी. त्या ढिगावर पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि खोगिराच्या बाजूला लटकवलेल्या पिशवीतून डोकं बाहेर काढून बघणारी दोन दिवसांची कोकरं. पुढे एक बाई लगाम धरून चालते. मागे मेंढरांची खांड, दोन कुत्री, काठी खांद्यावर आडवी टाकलेला बाप्या. मोटारी हॉर्न वाजवतात, कुणी काच खाली करून फोटो काढतं. हा धनगरांचा वाडा कोकणात निघालेला असतो. तो मे संपता संपता परत येईल.

पारनेर तालुका हा मेंढपाळांचा तालुका आहे. ढवळपुरी हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव, पण माळरानाच्या कडेला असलेल्या कितीतरी गावांत अशी कुटुंबं आहेत. सह्याद्रीने अडवलेल्या ढगांतून जे उरतं तेवढंच पाणी या पठारावर पडतं, वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर, तेही बेभरवशाचं. आषाढ-श्रावणात माळावर कुसळी, पवन्या उगवतो आणि त्यावर मेंढरं पोसतात. दसरा झाला की गवत वाळतं, ओढे आटतात, आणि जी थोडी बागायत आहे तिथे उसाची, कांद्याची शेतं मेंढरांना बंद असतात. पलीकडे ठाणे-पालघरात अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडून गेलेला असतो. भात कापलं गेलेलं असतं, खाचरांत ओल टिकून असते, बांधांवर हिरवं असतं. घाटाच्या वर चारा संपतो त्याच महिन्यात घाटाच्या खाली रान मोकळं होतं. ही सांगड पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे आणि मेंढपाळांनी ती पायांनी शोधलेली आहे.

पारनेरच्या उत्तर भागातून निघालेले वाडे बहुतेक कल्याणच्या रस्त्याने जातात. भाळवणी, टाकळी ढोकेश्वर, बेल्हे, आळेफाटा, ओतूर, आणि मग माळशेज घाट. खाली टोकावडे, मुरबाड, तिथून शहापूर, भिवंडी, वाडा अशा वाटा फुटतात. सुप्याच्या बाजूचे काही शिरूरवरून भीमेच्या खोऱ्यात उतरतात. मोटारीने जे अंतर अर्ध्या दिवसात सरतं, त्याला यांना कित्येक आठवडे लागतात, कारण हा प्रवास चरत चरत करायचा असतो.

तळ कसा पडतो हे एकदा जवळून पाहावं. सकाळी भाकरी बांधून बाप्ये खांड घेऊन रानातून निघतात. दिवसभर ते आडरानातून, ओढ्याकाठाने, कापणी झालेल्या शेतांतून फिरत राहतात. बाया बिऱ्हाड आवरतात, घोडी लादतात आणि सरळ वाटेने पुढच्या तळाला जातात. लादणं हे कसबाचं काम आहे. दोन्ही बाजूंचं वजन सारखं नसेल तर घोड्याची पाठ सोलते, आणि जखमी घोडं म्हणजे अख्खं बिऱ्हाड अडकलं. जड भांडी खाली, पीठ आणि अंथरुणं वर, जाळी सगळ्यांत शेवटी, कारण तळावर ती सगळ्यांत आधी लागते. तान्हं मूल असेल तर तेही याच ढिगावर, दोरीने नीट बांधलेलं. नवीन जागी पोचल्यावर तीन दगडांची चूल मांडायची, पाणी कुठे आहे ते शोधायचं, सरपण गोळा करायचं, खुंट्या ठोकून वाघर उभी करायची. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. ती उभी झाली की तळ पडला. अंधार पडता पडता खांड येते आणि मग पंधरा-वीस मिनिटं नुसता कालवा असतो. दिवसभर आयांपासून लांब ठेवलेली कोकरं सोडली जातात, प्रत्येक मेंढी वासाने आपलं पोर शोधते. जी कोकराला जवळ घेत नाही तिला बाई पायाखाली धरून उभी करते आणि कोकराचं तोंड सडाला लावते. अंधारात, कंदिलाच्या उजेडात, शंभरांतून नेमकी ती मेंढी तिला ओळखू येते.

या व्यवसायाचं वर्णन करताना काठी घेतलेला पुरुषच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतो. पण वाडा हलतो तो बाईच्या जोरावर. तळाची जागा, घोडी, आजारी जनावर, कोकरांची जगवणूक, वाटेतल्या गावात पीठमीठ आणणं, शेतमालकाच्या घरच्या बाईशी बोलून धान्य ठरवणं, हे सगळं तिच्याकडे असतं. बाळंतपणंही या वाटेवर झालेली आहेत. रात्री कुत्री भुंकली की उठणाऱ्यांत तीही असते. नगर-पुण्याच्या माळरानावर लांडगा अजून आहे, जुन्नरच्या उसात बिबट्या आहे, आणि वाघरीची सुताची जाळी दोघांनाही अडवू शकत नाही.

शेतकरी आणि मेंढपाळ यांच्यातला व्यवहार साधा आणि चोख आहे. रात्री मेंढरं शेतात बसवायची. लेंडी आणि मूत जमिनीत पडतं, खुरांनी तुडवलं जातं, आणि खताची गाडी न आणता सगळ्या तुकड्याला खत मिळतं. मुतातलं नत्र तर साठवलेल्या शेणखतात बरंचसं उडून गेलेलं असतं, इथे ते थेट मातीत जातं. आज या खाचरात, उद्या शेजारच्या, असं करत वाडा गावभर फिरतो. मोबदला पूर्वी धान्यात असे. कोकणात भात मिळे, देशावर ज्वारी-बाजरी. आता पैसेही मिळतात. रासायनिक खत आल्यावर हा व्यवहार मोडेल असं वाटलं होतं, पण जमिनीचा कस उतरल्याचं लक्षात आलेले शेतकरी आजही मेंढरांची वाट पाहतात. दुसरीकडे खाचरंच कमी होत चालली आहेत. भिवंडीच्या आसपास एकेकाळी जिथे तळ पडत तिथे आज गोदामांच्या रांगा आहेत, समृद्धी महामार्ग तिथेच आमणे गावापाशी येऊन उतरतो, आणि शहापूर-कल्याणच्या पट्ट्यात प्लॉट पडले आहेत.

परतीची वेळ चुकवून चालत नाही. कोकणातल्या पहिल्या मुसळधार पावसात मेंढी टिकत नाही. खूर कुजतात, लोकर भिजून जड होते, आंत्रविषारासारखे रोग पसरतात. म्हणून मे महिन्यात घाट चढायचा, आणि माळावर पहिली हिरवळ येईपर्यंत घरी पोचायचं. दख्खनी मेंढी या चालीसाठीच घडलेली आहे. काटक, लांब चालणारी, अर्धपोटी तग धरणारी, काळ्या जाड लोकरीची. त्या लोकरीची घोंगडी सनगर विणत, चिंचोक्याची खळ देत. आज लोकरीला भाव नाही. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते, म्हणून कित्येक ठिकाणी कातरलेली लोकर बांधावर टाकून देतात. कमाई राहिली ती मटणासाठी विकलेल्या कोकरांची. त्यामुळे लोक जास्त वजनाच्या माडग्याळसारख्या मेंढ्यांकडे वळले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोळे मेंढीतला जुळी देणारा जनुक दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली, ते मोलाचं काम आहे. पण जुळी कोकरं जगवायची तर मेंढीला चारा जास्त लागतो, आणि प्रश्न पुन्हा चराऊ रानावरच येऊन थांबतो.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, क्वार्टझाइट नावाचं वाळवंटी गाव आहे. कायमची वस्ती दोन-अडीच हजारांची. थंडी सुरू झाली की कॅनडातून आणि उत्तरेकडच्या बर्फाळ राज्यांतून निवृत्त माणसं आपापली घरं चाकांवर घेऊन तिथे उतरतात. झोपायची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, सगळं मोटारीतच. त्यांना तिथे स्नोबर्ड म्हणतात. दिवसा जवळपासचे डोंगर, जुन्या खाणी, कोलोरॅडो नदीचा काठ पाहून यायचं, रात्री तळावर परत. उन्हाळा तापायच्या आत उत्तरेची वाट धरायची. ऋतूबरोबर घर हलवायची ही रीत आपल्या मेंढपाळांच्या ओळखीची आहे. फरक एवढाच की ते सुखासाठी हिंडतात, हे पोटासाठी.

मला त्या गावातली जमिनीची व्यवस्था महत्त्वाची वाटते. तिथली बरीचशी जमीन केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याची आहे. त्या खात्याने १९८३ पासून लांब मुक्कामाच्या पाहुण्यांसाठी जागा आखून दिल्या आहेत. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा हंगाम ठरलेला आहे, आणि ठरलेलं शुल्क भरलं की तो सगळा हंगाम तिथे राहता येतं. गावाजवळच्या ला पोसा या तळावर पिण्याचं पाणी, कचरा टाकायची आणि सांडपाणी सोडायची सोय सरकारने केलेली आहे. फिरत्या माणसाला सरकारी जमिनीवर थांबण्याचा कागद मिळतो. तो कुणाच्या दयेवर तिथे नसतो.

त्याच गावात दगडी पिरॅमिडसारखी एक कबर आहे, तिच्या टोकावर धातूचा उंट. १८५६ साली अमेरिकी लष्कराने वाळवंटात सामान वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर हाजी अली नावाचा उंटवाला आला. तो १९०२ मध्ये वारला. १९३५ मध्ये राज्याच्या महामार्ग खात्याने त्याची ही समाधी बांधली. जनावरांच्या मागे चालणाऱ्या माणसाची आठवण महामार्ग खात्याने ठेवावी, हे वाचून मला सुप्याचा रस्ता आठवला. आपल्याकडे रस्ता रुंद होताना दुभाजक घालतात, कठडे घालतात, आणि जिथून खांड पलीकडे जात असे ती जागा बंद होते.

आता थोडं अवघड बोलायला हवं. सुप्याजवळचं राळेगणसिद्धी देशाला माहीत आहे. १९७५ नंतर अण्णा हजारे यांनी तिथे जे उभं केलं त्याने दुष्काळी गावाचं पाणी वर आलं. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली १९९० पासून तेच करून दाखवलं. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि चराईबंदी ही सूत्रं पुढे आदर्श गाव योजनेत आली आणि पाणलोटाच्या कामांबरोबर गावोगाव पोचली. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. उघड्या पडलेल्या टेकड्यांना विश्रांती हवीच होती. पण चराईबंदी ज्या दिवशी ग्रामसभेत ठरते त्या दिवशी मेंढपाळ बहुधा कोकणात असतो. ज्याच्याकडे गाय आहे तो गवत कापून आणतो आणि दूध डेअरीला घालतो. ज्याच्याकडे शंभर मेंढरं आहेत त्याला कापून आणलेल्या गवतावर ती पोसता येत नाहीत. गावाचं पाणी वाढलं, विहिरी भरल्या, त्यावर बागायत झाली, आणि बागायत झाली की पडीक रानही बंद झालं. या यशातला एक हप्ता मेंढपाळांनी भरलेला आहे आणि तो कुठल्याही अहवालात जमा दिसत नाही. तोडगा अशक्य नव्हता, आजही नाही. डोंगराचे तुकडे पाडून आळीपाळीने बंद आणि खुले ठेवता येतात. पाच वर्षांनी गवत सावरल्यावर ठरावीक महिन्यांत ठरावीक खांडी आत सोडता येतात. मेंढीच्या खुरांनी आणि लेंडीने गवताचं बी पसरतं, हे प्रत्येक मेंढपाळ जाणतो. त्यासाठी त्याला ग्रामसभेत बसवून घ्यावं लागतं, तो गावात असेल त्या पावसाळ्यात.

माळरान सरकारी कागदात पडीक म्हणून नोंदलं जातं, हे या सगळ्याच्या मुळाशी आहे. पडीक म्हटलं की ते कारखान्याला देता येतं, झाडं लावायला देता येतं, सौर पट्ट्यांना देता येतं. सुप्याच्या वसाहतीने तालुक्यातल्या तरुणांना काम दिलं, यात शंका नाही. मात्र जिथे जमीन बदलते तिथे त्या जमिनीवर आधी कोण चरत होतं, ही नोंद घ्यायची पद्धतच नाही.

वाटेवरचा धोका किती नागडा असतो ते डिसेंबर २०२१ मध्ये दिसलं. १ आणि २ डिसेंबरला पश्चिम महाराष्ट्रात अवकाळी पाऊस कोसळला. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, संगमनेर, अकोले या पट्ट्यात त्या वेळी कितीतरी वाडे उघड्यावर होते. रात्रभर पाऊस, त्यात बोचरा वारा. भिजलेली लोकर अंगाला चिकटली की मेंढीच्या अंगातली ऊब जाते. आडोसा नव्हता, चारा भिजलेला होता. आधी कोकरं गेली, मग गाभण मेंढ्या. सकाळी शेकडो मेंढरं बांधावर मरून पडलेली होती. पिकाचं नुकसान झालेल्या शेतकऱ्याकडे सातबारा असतो, त्याच्या बांधावर तलाठी येतो. मेंढपाळाचं गाव एका तालुक्यात, मेंढरं मेली दुसऱ्या तालुक्यात. पंचनामा कुणी करायचा, डॉक्टर कुठून आणायचा, मेलेल्या जनावरांजवळ किती दिवस थांबायचं, उरलेल्यांना चारायचं कुणी? एखादं गोठ्याचं छप्पर किंवा मंगल कार्यालयाची शेड त्या रात्री उघडली असती तर बरीच जनावरं वाचली असती.

कायदे नाहीत असं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात भटक्या आणि पशुपालक समाजांचा चराईचा आणि हंगामी वापराचा सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे, एका जागी राहून चारणाऱ्यांचाही आणि ऋतूप्रमाणे हलणाऱ्यांचाही. मात्र इतर पारंपरिक वननिवासी म्हणून दावा करायचा तर तीन पिढ्यांचा, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा लागतो. रात्री तळ टाकून सकाळी निघून जाणाऱ्या माणसाने पुरावा कुठे ठेवलेला असणार? पण तो आहे, बिरोबा-म्हसोबाच्या ठाण्यांत आहे, ओव्यांत आहे. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांबरोबर फिरून या देवांचा आणि वाटांचा माग काढला, त्याचं इंग्रजी पुस्तक १९८९ मध्ये आलं. खंडोबाच्या बाणाईची कथाच मुळी धनगरवाड्यावर घडते. अशा नोंदी ग्रामसभेपुढे पुरावा म्हणून मांडायचं काम कुणीतरी हाती घ्यायला हवं.

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या नोंदल्या गेल्या. फिरस्त्या पशुपालकांची वेगळी नोंद मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत पहिल्यांदा घ्यायचं ठरलं. राज्याची महामेष योजना वीस मेंढ्या आणि एक नर देते, त्याचा उपयोग होतो, पण त्या वीस मेंढ्या चारायच्या कुठे हे योजना सांगत नाही. धनगरांच्या आरक्षणाचा लढा आपल्या जागी चालू राहील. चराईचा प्रश्न त्याच्या निकालापर्यंत थांबू शकत नाही, कारण मेंढरांना रोज खायला लागतं. २०२१ मध्ये राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. मोटारीत घर घेऊन फिरणाऱ्या पर्यटकांसाठी उभं राहायला जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृह अशा तळांची कल्पना त्यात आहे. धोरण चांगलं आहे. म्हणजे फिरत्या घराला थांबायला जागा आणि पाणी लागतं, हे सरकारने मान्य केलेलं आहे. तीच मान्यता घोड्यावरच्या घराला द्यायची आहे, एवढंच.

जिल्ह्याला आता अहिल्यानगर हे नाव मिळालं आहे. अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी याच जिल्ह्यातल्या चौंडीचा, धनगर कुटुंबातला. देशभरातल्या वाटांवर त्यांनी विहिरी, बारवा, घाट, धर्मशाळा बांधल्या, वाटसरूला पाणी आणि मुक्काम मिळावा म्हणून. पारनेर ते माळशेज आणि पारनेर ते शिरूर या वाटांवर मेंढपाळांसाठी तेच करायचं आहे. दर मुक्कामाच्या टप्प्यावर गायरानातला एक तुकडा, एक हौद, पत्र्याची एक मोठी शेड, आणि दिवाळी ते मे या काळात लस घेऊन फिरणारं पशुवैद्यकीय पथक. महामार्गांवर खांडीसाठी भुयारी वाटा. मुलांसाठी हंगामी वसतिगृह, जसं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आहे. तालुक्यातल्या जाणत्या बाया-बाप्यांना बसवून वाटांचा नकाशा एका पावसाळ्यात तयार होऊ शकतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे चराऊ कुरणांचं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे, त्या निमित्ताने पारनेर पंचायत समितीने ही सुरुवात करावी.

आणि वाचकहो, या सुट्टीत नगर रस्त्याने किंवा माळशेजने जाणार असाल तर पुढे खांड दिसल्यावर हॉर्न वाजवू नका, मेंढरं बिथरून समोरच्या गाडीखाली जातात. गाडी बाजूला घ्या, खांड पार होऊ द्या. तुमचं गाव या वाटेवर असेल आणि रात्री पाऊस आला, तर तुमच्या शेडचं दार उघडा.